उष्णतेने उमटणारी अक्षरे : थर्मल ट्रान्सफर मुद्रणाची ओळख

१. दोन कागद

ग्रंथालयातून आणलेले एखादे पुस्तक हाती घेऊन त्यावर चिकटविलेली लहानशी चिठ्ठी पाहावी. तिच्यावर काळ्या उभ्या रेघांची एक मालिका छापलेली असते आणि खाली काही अंक असतात. ह्या चिठ्ठीस आपण लेबल म्हणतो व रेघांच्या मालिकेस बारकोड. पुस्तक वर्षानुवर्षे शेकडो हातांतून फिरते, उन्हाळ्याचा घाम आणि पावसाळ्याची ओल सोसते. तरीही योग्य रीतीने छापलेल्या लेबलावरील रेघा काळ्या व स्पष्ट राहतात.

आता दुसरा कागद पाहावा. गेल्या वर्षी दुकानातून मिळालेली एखादी पावती पाकिटातून काढावी. पुष्कळदा तिच्यावरील अक्षरे फिकट झालेली आढळतात. कधी कधी तर ती पूर्णपणे कोरी निघते. विकत घेतलेल्या वस्तूच्या दुरुस्तीची हमी त्या पावतीवर अवलंबून असावी आणि नेमक्या गरजेच्या वेळी हाती कोरा कागद यावा, असा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

हे दोन्ही कागद जवळजवळ एकाच प्रकारच्या यंत्रावर छापलेले असण्याचा संभव आहे. दोहोंच्या मुद्रणात शिशाचे खिळे नाहीत, ओली शाई नाही, टंकलेखन यंत्रातल्याप्रमाणे आघात करणारे दांडे नाहीत. दोन्ही ठिकाणी अक्षर उमटते ते केवळ उष्णतेने. मग एक अक्षर टिकते व दुसरे विरते, असे का व्हावे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा ह्या पाठाचा हेतू आहे. प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. औषधाच्या वेष्टनावरील मुदत, रसायनाच्या पिंपावरील धोक्याची सूचना आणि रक्तपेढीतील पिशवीवरचा रक्तगट ही सर्व अक्षरे आज अशाच यंत्रांवर छापली जातात. आणि ती पुसली गेली तर होणारी हानी पावती कोरी होण्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

२. उष्णतेने छापण्याच्या दोन रीती

पहिल्या रीतीत कागदच शाईचे काम करतो. पावतीच्या कागदावर एक पातळ लेप दिलेला असतो. ह्या लेपात एका रंगहीन रंजकद्रव्याचे आणि एका आम्लधर्मी द्रव्याचे अतिसूक्ष्म कण शेजारी शेजारी बसविलेले असतात. थंड असताना ते परस्परांशी संयोग पावत नाहीत. कागदाचा एखादा बिंदू तापला, की तेथील कण वितळून एकत्र येतात, रंजकद्रव्याच्या रेणूची रचना बदलते आणि तो बिंदू काळा दिसू लागतो. ह्या रीतीस प्रत्यक्ष उष्णतामुद्रण म्हणता येईल. तीत रिबन लागत नाही, शाई भरावी लागत नाही. म्हणून ती स्वस्त व सोयीची ठरते.

परंतु तिची दुर्बलताही ह्याच सोयीत आहे. ज्या रासायनिक क्रियेने रंग आला ती उलटही फिरू शकते. तेलकट हात, मद्यार्क, तीव्र ऊन, तसेच प्लास्टिकच्या पाकिटाला मऊ ठेवण्यासाठी त्यात मिसळलेली द्रव्ये ह्यांच्या संपर्काने अक्षरे फिकी पडतात. उलटपक्षी, असा कागद तापलेल्या जागी राहिला तर तो सगळाच काळा पडतो. छापून झाल्यावरही कागद उष्णतेला प्रतिसाद देण्याचे थांबवीत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या रीतीत कागद साधा असतो आणि रंग वेगळ्या रिबनवर असतो. उष्णतेने रिबनवरचा रंग सुटतो व कागदावर जाऊन बसतो. रंगाचे असे एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठावर स्थानांतर होते, म्हणून ह्या रीतीस उष्णता-स्थानांतर मुद्रण, अथवा बाजारात रूढ असलेल्या शब्दांत थर्मल ट्रान्सफर मुद्रण, असे नाव आहे. येथे रंग म्हणून प्रायः काजळीच वापरली जाते. काजळी हा कार्बन होय. तो उन्हाने विटत नाही आणि पाण्यात वा तेलात विरघळत नाही. म्हणून अक्षराचा टिकाऊपणा रंगावर फारसा अवलंबून राहत नाही. तो कागदाला किती घट्ट धरून बसला आहे, ह्यावर अवलंबून राहतो.

उष्णतेने छापण्याची कल्पना साकार होण्यात अमेरिकेतील टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स ह्या कंपनीतील संशोधकांचा मोठा वाटा आहे. १९५८ साली एकात्मिक विद्युतमंडल तयार करणारे आणि त्यासाठी २००० साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले जॅक किल्बी हे त्यांपैकी प्रमुख होत. १९६७ साली त्यांच्या गटाने हातात मावेल असे गणकयंत्र तयार केले. त्याचे उत्तर पडद्यावर न दिसता कागदाच्या अरुंद पट्टीवर उष्णतेने छापले जाई. १९७१ साली ह्याच कंपनीने संगणकाशी जोडावयाचे ‘सायलेंट ७००’ हे मुद्रणयंत्र बाजारात आणले. त्या काळची इतर यंत्रे कागदावर ठोके मारून छापीत व त्यांचा खडखडाट मोठा असे. हे यंत्र निःशब्द होते, म्हणून त्याचे नाव ‘सायलेंट’. रिबनमधून रंग स्थानांतरित करणारी लेबलयंत्रे त्यानंतर, १९८० नंतरच्या दशकात प्रसार पावली. ह्याला कारण बारकोड. १९७४ सालच्या २६ जून रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंग गमच्या पुडक्यावरील बारकोड प्रथमच विक्रीच्या वेळी यंत्राने वाचला गेला. त्यानंतर प्रत्येक वस्तूस स्वतंत्र व टिकाऊ लेबल लावण्याची गरज झपाट्याने वाढली.

३. यंत्राची रचना

लेबले छापणारे यंत्र उघडून पाहिले, तर त्यात चार मुख्य भाग दिसतात : लेबलांची गुंडाळी, रिबनची गुंडाळी, रबराचा रूळ आणि मुद्रणशीर्ष. रबराचा रूळ फिरू लागला की लेबलांचा पट्टा पुढे सरकतो. त्याच्यावर रिबन, रंगाची बाजू लेबलाकडे करून, त्याच वेगाने सरकत असते. मुद्रणशीर्ष वरून दाब देते. म्हणजे मुद्रणाच्या क्षणी रूळ, लेबल, रिबन व मुद्रणशीर्ष हे एकमेकांवर दाबून धरलेले असतात. एक लहान प्रकाशसंवेदी साधन दोन लेबलांमधील मोकळी जागा ओळखते. त्यामुळे मजकूर प्रत्येक लेबलावर योग्य ठिकाणी पडतो.

मुद्रणशीर्ष हा यंत्राचा आत्मा होय. सिरॅमिकच्या पट्टीवर अतिसूक्ष्म विद्युतरोधांची एक सरळ ओळ बसविलेली असते आणि तिच्यावर काचेसारखे कठीण संरक्षक आवरण असते. विद्युतरोधातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते, हा ज्यूलचा नियम शाळेत आपण शिकतो. विजेच्या शेगडीत हेच घडते. फरक एवढाच, की येथील प्रत्येक शेगडी मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी आहे. ह्या सूक्ष्म शेगड्यांना आपण तापबिंदू म्हणू. सामान्य मुद्रणशीर्षात दर मिलिमीटरला ८ तापबिंदू असतात. १०४ मिलिमीटर रुंदीच्या शीर्षात ते ८३२ भरतात. अधिक सूक्ष्म कामासाठी दर मिलिमीटरला सुमारे १२ किंवा २४ तापबिंदू असलेली शीर्षेही मिळतात.

मुद्रणशीर्ष जागचे हलत नाही; हलतो तो कागद. यंत्र एका वेळी बिंदूंची एकच आडवी ओळ छापते. त्या ओळीत कोठे काळे हवे व कोठे पांढरे राहावयाचे ते संगणकाकडून आलेल्या संदेशाने ठरते. काळ्या जागचे तापबिंदू तापतात, बाकीचे थंड राहतात. कागद एका बिंदूइतका पुढे सरकला की दुसरी ओळ. अशा ओळी एकाखाली एक पडत जाऊन अक्षरे, रेघा व चित्रे तयार होतात. त्यामुळे देवनागरी असो, तमिळ असो वा उर्दू, यंत्राला लिपीची अडचण नाही. त्याच्या दृष्टीने सर्व मजकूर म्हणजे बिंदूंची जाळी होय.

४. सहस्रांश सेकंदाचे गणित

हे सर्व किती वेगाने घडते, त्याचा हिशेब करून पाहू. लेबल सेकंदाला १५० मिलिमीटर वेगाने सरकत आहे असे धरू. मिलिमीटरमागे ८ ओळी ह्या प्रमाणाने सेकंदात १२०० ओळी छापावयाच्या. म्हणजे एका ओळीच्या वाट्याला सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी, सुमारे ०.८३ मिलिसेकंद एवढा वेळ येतो. तेवढ्या अवधीत तापबिंदूने तापावयाचे, रिबनवरचा रंग वितळवावयाचा आणि पुढील ओळीसाठी पुन्हा निवावयाचे असते. ५० मिलिमीटर लांबीच्या एका लेबलावर ४०० ओळी, आणि प्रत्येक ओळीत ८३२ बिंदू. म्हणजे तीन लाखांहून अधिक वेळा ‘तापावे की न तापावे’ ह्याचा निर्णय एका सेकंदाच्या तिसऱ्या भागात अमलात येतो.

येथेच रिबन इतकी पातळ का असते, ह्याचे उत्तर मिळते. रिबनचा पाया पॉलिएस्टरच्या पटलाचा असतो आणि त्याची जाडी सामान्यतः ४.५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे पंधराव्या हिश्शाएवढी असते. तापबिंदू पटलाच्या एका बाजूस आणि रंग दुसऱ्या बाजूस असतो. उष्णतेला पटल ओलांडूनच रंगापर्यंत पोहोचावे लागते. त्यासाठी लागणारा काळ स्थूलमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४.५ मायक्रॉन जाडीचे पॉलिएस्टर ओलांडण्यास उष्णतेला सुमारे ०.२ मिलिसेकंद लागतात. हेच पटल तिप्पट जाड असते, तर तोच काळ नऊपट, म्हणजे सुमारे १.८ मिलिसेकंद झाला असता. परंतु आपल्याजवळ तर ०.८३ मिलिसेकंदच आहेत! शिवाय जाड पटलात उष्णता आजूबाजूसही पसरली असती आणि रेघांच्या कडा धूसर झाल्या असत्या.

रिबनच्या ज्या बाजूस मुद्रणशीर्षाचा स्पर्श होतो तिच्यावर सिलिकोनयुक्त असा एक निसरडा लेप असतो. तो नसता, तर पातळ पटल तापलेल्या शीर्षाला चिकटून फाटले असते. ह्या लेपामुळे शीर्षाची झीजही कमी होते. प्रत्यक्ष उष्णतामुद्रणात कागद शीर्षावर थेट घासला जातो. म्हणून रिबनवर चालणाऱ्या यंत्रातील शीर्ष सामान्यतः अधिक काळ टिकते.

एक अडचण मात्र उरते. लागोपाठ अनेक ओळींत तापलेला तापबिंदू पुरता निवत नाही. त्याला प्रत्येक वेळी सारखीच ऊर्जा दिली, तर तो अधिकाधिक तापत जाईल आणि काळी रेघ शेवटाकडे जाड होत जाईल. ह्यावर उपाय असा, की यंत्रातील नियंत्रक मंडल प्रत्येक तापबिंदूची मागील काही ओळींतील स्थिती ध्यानात ठेवते. नुकताच तापलेल्या बिंदूला ते थोडी कमी ऊर्जा देते, बराच वेळ थंड असलेल्याला थोडी जास्त.

५. रंग कोणाला चिकटेल?

आता ह्या मुद्रणाच्या गाभ्याशी आपण येऊन पोहोचलो. तापलेल्या क्षणी रंगाचा थर एकीकडे पॉलिएस्टरच्या पटलाला आणि दुसरीकडे लेबलाला स्पर्श करीत असतो. पुढच्याच क्षणी रिबन व लेबल एकमेकांपासून अलग होतात. तेव्हा रंग कोणाकडे राहील? ज्याच्याशी त्याचे आसंजन, म्हणजे चिकटून राहण्याचे बल, अधिक असेल त्याच्याकडे. जेथे रंग तापला नाही तेथे तो पटलालाच घट्ट धरून राहतो व रिबनबरोबर परत जातो. जेथे तो वितळला तेथे त्याची पटलावरची पकड सुटते आणि लेबलावरची पकड बसते. प्रत्येक काळा बिंदू हा अशा लहानशा स्पर्धेचा निकाल असतो.

ही स्पर्धा लेबलाच्या बाजूने निकालात निघावी म्हणून रिबनचा रंग लेबलाच्या पृष्ठभागास अनुरूप असावा लागतो. त्या दृष्टीने रिबनचे तीन प्रकार करतात.

पहिला प्रकार मेणाचा. मेणात काजळी मिसळलेली असते. मेण साधारणतः ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, पातळ होते आणि कागदाच्या तंतूंमध्ये शिरून गोठते. कागदी लेबलांसाठी ही रिबन उत्तम व स्वस्त होय. परंतु मेण मऊ असते. ते घासल्याने पसरते व उष्णतेने पुन्हा वितळते.

दुसरा प्रकार रेझिनचा. रेझिन म्हणजे राळेसारखे कठीण कृत्रिम बहुवारिक. त्याला अधिक उष्णता लागते आणि ते मेणासारखे वाहत नाही. मऊ होऊन पृष्ठभागावर दाबले जाते व तेथेच घट्ट बसते. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन अशा गुळगुळीत, तंतुहीन पृष्ठांसाठी हाच प्रकार उपयोगी पडतो. योग्य जोडी जमली तर हे मुद्रण नखाने खरडले, मद्यार्काने पुसले अथवा बर्फात ठेवले तरी सहसा जात नाही.

तिसरा प्रकार मेण व रेझिन ह्यांच्या मिश्रणाचा. तो गुणांत व किमतीत दोहोंच्या मधला आहे आणि गुळगुळीत लेप दिलेल्या कागदासाठी विशेष वापरला जातो.

पुष्कळदा मुद्रण पुसले गेले की दोष यंत्राला दिला जातो. वस्तुतः मेणाची रिबन लावून प्लास्टिकच्या लेबलावर छापले तर यंत्र कितीही मौल्यवान असले तरी अक्षर बोटाने पुसले जाणार. तेथे मेणाला शिरावयास तंतूच नाहीत. उलटपक्षी, रेझिनची रिबन लावून उष्णता कमी ठेवली तर रंग अर्धवटच सुटेल. रिबन, लेबल व उष्णता ही तिन्ही परस्परांना अनुरूप असली पाहिजेत. टिकणारे अक्षर आणि विरणारे अक्षर ह्यांतील भेद येथे आहे.

६. रेघ अचूक पडली पाहिजे

माणूस अस्पष्ट अक्षरही संदर्भाने वाचतो. बारकोड वाचणाऱ्या यंत्राला तसे करता येत नाही. ते रेघांच्या व मोकळ्या जागांच्या रुंदी मोजून अंक ओळखते. किरकोळ विक्रीच्या वस्तूंवरील १३ अंकी बारकोडात सर्वांत बारीक रेघेची प्रमाण रुंदी ०.३३ मिलिमीटर असते. भारतातील संस्थेने दिलेल्या अशा क्रमांकांची सुरुवात ८९० ह्या अंकांनी होते, हे वाचकांनी पाहिले असेल. आता मिलिमीटरला ८ बिंदू छापणाऱ्या यंत्राचा एक बिंदू ०.१२५ मिलिमीटरचा, त्याला दोन बिंदूंची ०.२५ किंवा तीन बिंदूंची ०.३७५ मिलिमीटर रुंदीची रेघ काढता येईल, नेमकी ०.३३ची नाही. बिंदूचे तुकडे होत नाहीत. म्हणून बारकोडाचा आकार असा निवडावा लागतो, की प्रत्येक रेघ पूर्ण बिंदूंत बसेल. ही काळजी न घेतल्यास काही रेघा जाड व काही बारीक पडतात, आणि डोळ्यांना सुबक दिसणारा बारकोड यंत्राला वाचता येत नाही.

दुसरा दोष तापबिंदू निकामी झाल्याने उद्भवतो. ८३२पैकी एक जरी बंद पडला, तरी त्याच्या खालून जाणाऱ्या प्रत्येक लेबलावर त्याच जागी एक पांढरी उभी चीर दिसते. अक्षरांच्या बाबतीत ती खपून जाईल; पण बारकोडाची एखादी रेघ त्या चिरेच्या जागी आली तर सबंध बारकोड वाया जातो. म्हणून जाणते कारागीर रिबन बदलताना प्रत्येक वेळी मुद्रणशीर्ष मद्यार्काने भिजविलेल्या मऊ कापडाने पुसून घेतात आणि त्याला धातूचे हत्यार कधीही लावीत नाहीत.

७. उपयोग

जेथे चिठ्ठीचे आयुष्य काही तासांचे वा दिवसांचे असते तेथे प्रत्यक्ष उष्णतामुद्रण पुरेसे आहे. दुकानातील पावती, बँकेच्या यंत्रातून निघणारी चिठ्ठी, प्रवासी सामानाचा बिल्ला ही त्याची उदाहरणे. जेथे लेबल वस्तूच्या आयुष्यभर वाचता आले पाहिजे तेथे स्थानांतर मुद्रण लागते.

खाद्यपदार्थांच्या पुडक्यांचे उदाहरण घेऊ. भारतात वैधमापन विषयक २०११ च्या नियमांनुसार बंद वेष्टनावर निव्वळ वजन अथवा माप, कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष इत्यादी माहिती सुवाच्य रीतीने देणे बंधनकारक आहे. वेष्टनाचे रंगीत चित्र कारखान्यात आगाऊ छापून येते. परंतु तारीख रोज बदलते. म्हणून पिशवी भरणाऱ्या यंत्रावरच एक लहान मुद्रणशीर्ष बसवितात व प्लास्टिकच्या धावत्या पटलावर त्या त्या दिवसाची तारीख उमटवितात.

रसायनांची पिंपे समुद्रमार्गे पाठविताना त्यांवरील धोक्याच्या खुणा पाण्यात बुडूनही वाचता आल्या पाहिजेत. ब्रिटनच्या ‘बीएस ५६०९’ ह्या मानकात अशा लेबलांना समुद्राच्या पाण्यात तीन महिने ठेवून पाहण्याची कसोटी सांगितली आहे. जहाजावरून पडलेले पिंप किनाऱ्याला लागले, तर ते उचलणाऱ्या माणसाला आत काय आहे हे कळावे, हा त्यातील हेतू. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील मंडलपट्ट्यांवरची लेबले जोडकामाच्या भट्टीतून, सुमारे २५० अंश सेल्सियस तापमानातून जातात. तयार कपड्याच्या शिवणीत बसविलेल्या, धुण्याच्या सूचना देणाऱ्या फितीला साबण, गरम पाणी व इस्त्री सोसावी लागते. ही सर्व कामे रेझिनच्या रिबनची आहेत.

सर्वांत अधिक जबाबदारीचे काम रक्तपेढीतील होय. दात्याने दिलेल्या रक्ताचे घटक वेगळे केले जातात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियस तापमानात ठेवतात. वापरलेल्या संरक्षक द्रवानुसार त्या ३५ ते ४२ दिवस टिकतात. रक्तद्रव शून्याखाली ३० अंश किंवा त्याहून थंड अशा कपाटात गोठवून ठेवतात आणि देण्यापूर्वी सुमारे ३७ अंशांच्या पाण्यात वितळवितात. ह्या प्रवासात पिशवीवर दव जमते, हिम साचते, पाणी लागते आणि अनेक ओले हात तिला हाताळतात. तिच्या लेबलावर दात्याचा क्रमांक, रक्तगट, रक्त घेतल्याची तारीख व मुदत असते. भारतात रक्तगटानुसार लेबलांचे रंगही ठरलेले आहेत : ‘ओ’ गटास निळा, ‘ए’ गटास पिवळा, ‘बी’ गटास गुलाबी व ‘एबी’ गटास पांढरा. परंतु रंगाने फक्त गट कळतो. ती नेमकी कोणाची, कधीची पिशवी आहे हे छापील अक्षरच सांगते. ते वाचता आले नाही तर पिशवीतील रक्त उत्तम असूनही ते टाकून द्यावे लागते. आणि चुकीचे वाचले गेले तर त्याची किंमत रुग्णाला प्राणाने मोजावी लागण्याचा संभव असतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटासारख्या दुर्मिळ गटाची पिशवी असेल, तर वाया गेलेल्या एका पिशवीच्या जागी दुसरी मिळविणे किती कठीण, हे निराळे सांगावयास नको. अशा ठिकाणी लेबल, रिबन व उष्णता ह्यांची जुळणी हा उपचाराचाच एक भाग ठरतो.

औषधांच्या बाबतीतही छापील खुणांचे महत्त्व वाढत आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात ठरावीक ३०० नाममुद्रांच्या औषधांवर बारकोड अथवा क्यूआर कोड असणे आवश्यक झाले. त्यात औषधाचे नाव, उत्पादक, तुकडीचा क्रमांक, मुदत इत्यादी माहिती साठविलेली असते. ती तुकडीगणिक बदलत असल्यामुळे ऐन वेळी छापणाऱ्या यंत्रांची गरज भासते. हे काम शाईचे फवारे मारणारी व लेसर किरणांची यंत्रेही करतात. स्थानांतर मुद्रण हा त्यांतील एक मार्ग आहे.

८. रंगीत छायाचित्रे

आतापर्यंत पाहिलेल्या रीतीत बिंदू काळा तरी असतो किंवा पांढरा तरी. मधली छटा नसते. छायाचित्रासाठी ते पुरत नाही. म्हणून ह्याच यंत्राच्या एका भगिनी-रीतीत मेणाऐवजी उष्णतेने पसरणारी रंजकद्रव्ये वापरतात. रिबनवर पिवळा, किरमिजी व निळसर असे तीन रंगांचे पट्टे एकामागून एक असतात. येथे सबंध थर सुटत नाही. तापमानाच्या प्रमाणात रंजकाचे रेणू सुटून कागदाच्या लेपात विसरणाने शिरतात. बिंदू थोडा तापला तर फिकी छटा, अधिक तापला तर गडद छटा. तीन रंग एकावर एक पडून पूर्ण चित्र तयार होते. प्लास्टिकच्या अनेक ओळखपत्रांवर दोन्ही रीती एकत्र नांदतात. चेहरा विसरणाने छापलेला असतो आणि काळा मजकूर स्थानांतराने. ह्याच तत्त्वाशी जवळचे नाते असलेली एक रीत वस्त्रोद्योगात आहे. कागदावर छापलेली नक्षी पॉलिएस्टरच्या कापडावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सियस तापमानात दाबली, की रंजकाचे संप्लवन होऊन ते वायुरूपाने धाग्यांत शिरते. सुरतेच्या कापड व्यवसायात ही रीत परिचित आहे. शुद्ध सुती कापड मात्र हे रंजक धरून ठेवीत नाही.

९. उणिवा व सावधगिरी

ह्या रीतीचा मोठा दोष म्हणजे नासाडी. ३०० मीटर लांबीच्या रिबनवर ५० मिलिमीटरची, तीन मिलिमीटर अंतराने बसविलेली लेबले छापली तर ती सुमारे ५६०० निघतात. अक्षरांनी लेबलाचा थोडासाच भाग व्यापलेला असतो. बाकीच्या जागेवरचा रंग न वापरताच रिबनबरोबर गुंडाळला जातो. पटल व रंग एकजीव झाल्यामुळे त्यांचा पुनर्वापर करणेही सोपे नाही. म्हणून काही यंत्रांत मजकूर नसलेल्या भागापुरती रिबन थांबवून ठेवण्याची योजना असते.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. जेथून रंग सुटला तेथे रिबन पारदर्शक होते. वापरलेली रिबन प्रकाशासमोर धरली की तिच्यावर छापलेला सर्व मजकूर काळ्यावर पांढरा असा वाचता येतो. रुग्णांची नावे, पत्ते, खातेक्रमांक ज्या रिबनवरून छापले गेले ती तशीच कचऱ्यात टाकणे म्हणजे नोंदवही उघडी टाकण्यासारखे आहे. ती कापून नष्ट केली पाहिजे.

प्रत्यक्ष उष्णतामुद्रणाच्या कागदासंबंधीही एक सावधगिरी सांगावयास हवी. त्यातील आम्लधर्मी द्रव्य म्हणून पुष्कळ काळ बिस्फिनॉल-ए वापरले जात असे. शरीरातील संप्रेरकांच्या कार्यावर त्याचा परिणाम होत असल्यामुळे युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून अशा कागदात त्याचे प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले. पावत्या हाताळल्यावर जेवणापूर्वी हात धुवावेत, हे उत्तम.

१०. उपसंहार

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात सांगता येईल. पावतीवर उष्णतेने रंग निर्माण झाला, आणि जो निर्माण झाला तो नाहीसाही होऊ शकला. पुस्तकावरील लेबलावर उष्णतेने मुळातच स्थिर असलेला रंग फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी नेला व तेथे घट्ट बसविला. कोणती रीत श्रेष्ठ, हा प्रश्न व्यर्थ आहे. लिहिलेले किती काळ वाचता आले पाहिजे आणि ते वाचता न आल्यास कोणाचे नुकसान होईल, हे आधी ठरवावे व त्यानुसार रीत निवडावी.

करून पाहा

(१) दुकानातील पावतीवर नखाने जोराने रेघ ओढा. घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटली, तर तो उष्णतासंवेदी कागद होय. पुस्तकावरील लेबलावर हाच प्रयोग कडेला हलक्या हाताने करून फरक नोंदवा.

(२) शिक्षकांच्या देखरेखीखाली स्टीलच्या भांड्यात उकळते पाणी घेऊन ते जुन्या पावतीवर क्षणभर ठेवा. कागदात काय बदल होतो?

(३) पातळ कागदावर मेणाचा रंगीत खडू दाटपणे घासा. ही बाजू खाली करून तो कोऱ्या कागदावर ठेवा आणि गरम पाण्यात तापविलेल्या चमच्याच्या दांड्याने वरून एक अक्षर लिहा. नंतर थंड चमच्याने तेवढ्याच दाबाने लिहून तुलना करा. कोऱ्या कागदाऐवजी प्लास्टिकचा तुकडा घेऊन अक्षर बोटाने पुसून पाहा.

स्वाध्याय

(१) मिलिमीटरला १२ बिंदू छापणारे यंत्र सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने चालत आहे. एका ओळीस किती वेळ मिळतो?

(२) रिबनच्या पटलाची जाडी ९ मायक्रॉन केली तर उष्णतेला ते ओलांडण्यास सुमारे किती वेळ लागेल? वरील यंत्रात अशी रिबन नीट चालेल काय? कारण द्या.

(३) आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांना लेबले लावावयाची आहेत. कोणती मुद्रणरीत, कोणते लेबल व कोणती रिबन निवडाल? निवडीची कारणे लिहा.